आमच्या गायीचं लोढणं

परवा पोटमाळ्यावर लोढणं सापडलं, पळून चरणाऱ्या गुराच्या गळ्यात अडकवतात तो लाकडी ओंडका. खूप वर्षांपूर्वी गावाच्या वरचा माळ गुरांनी चरून बोडका झाला होता, लावे पक्षी दिसेनासे झाले होते. गवताचं बी पडेपर्यंत वर गुरं सोडायची नाहीत, हे मीच गावाला भांडून कबूल करायला लावलं आणि पहिली घुसली माझीच गाय. शेजारीण ओरडली, "काय गो, कायदा आमच्यापुरताच हाय?" मी तिच्यासमोरच गायीला लोढणं बांधलं. "आता तुझा बैल आण, त्यालाही बांधू," म्हटलं. त्यानंतर कुणाचीच गुरं वर चढली नाहीत. दसऱ्यानंतर विळा घेऊन गेले, तर कमरेएवढ्या गवतातून लाव्याची पिल्लं आईमागे पळाली. सून आता म्हणते, लोढणं चुलीत घालू. मी म्हटलं, आधी माळावर जाऊन लावे ऐकून ये.