साडीखालचे कपडे

शहागंजातल्या आमच्या मेडिकलमध्ये ती बाई महिन्या-दीड महिन्यानं यायची. नाव मी कधी विचारलं नाही. काउंटरवरची पुरुष गिऱ्हाइकं जाईपर्यंत ती बाहेर उगाच चपलेचा पट्टा नीट करत उभी राहायची. मग आत येऊन माझ्यापुढं हळूच मूठ उघडायची, आत रिकामी ट्यूब. बुरशीच्या संसर्गावरचं, खाजेचं मलम.

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते समदं केलं, ताई," एकदा ती म्हणाली. "शुगर तपासली, नॉर्मल हाय. गोड सोडलं, रोज वाटीभर दही खाते, कॅप्सूल बी झाल्या. जरा बरं वाटतं अन् पुन्हा तेच."

"आतले कपडे सुती वापरता ना? उन्हात वाळवता?"

ती दचकली. "उन्हात? सासूबाई म्हणतात, दोरीवर आधी साडी टाक, तिच्याखाली ते. लवकर वाळतच नाय. ओलसरच घालते."

मला हसू आलं. "कोणत्या जमान्यातल्या आहेत हो तुमच्या सासूबाई!"

ती हसली नाही. ट्यूब रुमालात गुंडाळून निघून गेली. पुन्हा आमच्याकडं आली नाही. ओलसर कपड्यांनीच बुरशी परत येते, एवढं नीट समजावून सांगायचं सोडून मी हसले, याची चुटपुट अजून आहे.

मी हसले त्याच दिवशी संध्याकाळी मी घरी गच्चीवर कपडे काढायला गेले. दोरीवरची माझी साडी कडकडीत वाळली होती. ती उचलली, तर खाली सुनेचे आतले कपडे. हात लावला, दमट. लग्न होऊन आली त्या आठवड्यात मीच तिला तसं शिकवलं होतं.