पेटी गाडीत बसली का?

थांबा, हे आत्ता टाइप केलं नाही तर रविवारी वडिलांचा, म्हणजे अप्पांचा, फोन येईल आणि मी परत खोटं बोलेन!

परभणीच्या स्टँडवर अप्पांनी माझी बॅग स्वतः एसटीत चढवली होती. त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. म्हणाले, "जिथं नवीन काही बनतंय तिथं चिकट. जुनं दुरुस्त करायला मी हाय की हितं."

मग पुण्याजवळ निघोजेतलं वर्कशॉप, मोशीत रूम. सरकारनं इलेक्ट्रिक गाड्यांना सबसिडी दिली म्हणूनच आमच्या शेठनी बॅटरीच्या पेट्या बनवायला घेतल्या, म्हणूनच मला नोकरी. झाकणाच्या रबरासाठी मी वेगळीच खाच काढली. शेठनी आत पेपर ठेवून पेटी दोन दिवस टाकीत बुडवली. उघडली, तर पेपर कोरडा! शेठ ओरडले, "भावा, परवाचं राशिभविष्य वाचता येतंय अजून!" खंडेनवमीला मशीनबरोबर माझ्या पहिल्या पेटीलाही हळदकुंकू. शेठ म्हणाले, "ही गावी ने. आता अख्खा लॉट बनवायला घ्या, सबसिडी कुठं जात नाही."

मग सरकारनं नियम बदलला. आता सबसिडी फक्त नवी टेस्ट पास झालेल्या बॅटरीलाच. टेस्टला नुसती पेटी चालत नाही, आत सेल बसवलेला अख्खा पॅक लागतो. मोठ्या कंपन्यांच्या स्वतःच्या लॅब आहेत, आम्ही बाहेरच्या लॅबच्या रांगेत. आमच्या पेट्या घेणाऱ्या गाडीवाल्यांनी ऑर्डरच होल्ड केली. आणि नियम चुकीचा पण नाही राव! बॅटऱ्या पेटत होत्या, माणसं भाजत होती. मग भांडायचं कुणाशी?

आज सकाळी शेठनी सांगितलं, महिनाअखेर शटर बंद. "चाकणला एका मोठ्या कंपनीत तुझं नाव सांगतो." काम काय, तर शिफ्टभर लाइनवर तेच चार बोल्ट आवळायचे. जाईन. न जाऊन काय करू? लॉट तिथंच भिंतीला लावून ठेवलाय, प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही.

अप्पा दर रविवारी एकच विचारतात, "पेटी बसली का रं गाडीत?" मी म्हणतो, "बसेल." मागून आई ओरडते, "इथं तर कवाच बसली! वर्षाची तूरडाळ भरलीय तुझ्या पेटीत, एक किडा न्हाई!"

माझी पेटी जगात एकाच ठिकाणी वापरात आहे, आईच्या स्वयंपाकघरात. मला आता घर म्हणजे तेवढंच कळतं. आणि तिथंच खरं सांगायची हिंमत होत नाही.

तुमचं झालंय का असं? घरी काय सांगितलंत?