राऊत सरांच्या थाळ्या

राऊत सर गेल्याचं त्यांच्या मुलाने बोईसरहून फोनवर कळवलं, तेव्हा मी पालघरच्या आमच्या कॉलेजात पेपर तपासत होते. ‘बाबा पहाटे गेले,’ एवढंच तो बोलला. मी हातातला पेपर पुरा केला, दोन मार्क सढळ हाताने दिले आणि मग रडले. दुःख होतंच, पण त्याहून जास्त भीती होती. आठच दिवसांपूर्वी, कित्येक वर्षं पोटात ठेवलेली एक गोष्ट मी त्यांना सांगून आले होते.

सर प्राणिशास्त्र शिकवायचे, मी त्यांच्या हाताखाली प्रात्यक्षिकं घ्यायची. ऐंशी सालानंतर कधीतरी त्यांनी एका परदेशी नियतकालिकात वाचलं, की कोशात निजलेल्या पतंगाला जंतूंत बुडवलेली सुई टोचली तर तो मुकाट मरत नाही. त्याच्या रक्तातल्या आणि चरबीतल्या पेशी जाग्या होतात, चिमुकली प्रथिनं तयार करतात आणि ती प्रथिनं जंतूंच्या आवरणालाच भोकं पाडतात. सरांना वेडच लागलं. ‘अगं, याला ना डॉक्टर ना औषध, तरी याची तयारी बघ!’ मनोरकडच्या डोंगरातली सोनी ऐनाच्या झाडांवरचे रेशमाचे कोश आणून द्यायची. ‘मास्तर, यात जीव हाय, टोचू नका त्याला,’ ती म्हणायची. सर तिला गंभीरपणे समजावत बसायचे.

प्रयोग सोपा होता. काचेच्या थाळीत जंतूंचा दुधाळ थर वाढवायचा आणि त्यावर पतंगाच्या रक्ताचा थेंब ठेवायचा. टोचलेल्याचा थेंब असेल तर भोवतीचे जंतू मरून स्वच्छ कडं उमटतं, न टोचलेल्याच्या भोवती काही नाही. पहिल्या वर्षी अगदी तस्संच झालं. सर नाचायचेच बाकी होते. पण निम्मे कोश टोपलीतच उंदरांनी फस्त केले, त्यामुळे पुरावा तोकडा पडला. दुसऱ्या वर्षी मुंबईहून एक मोठे प्राध्यापक थाळ्या बघायला येणार होते. त्यांना पटलं असतं तर सरांना त्यांच्याकडे संशोधन करायला मिळणार होतं.

कोश सांभाळायचं काम माझं. ‘देठाला दोरा बांध आणि उंच टांग,’ सर म्हणाले. बऱ्याच कोशांचे देठ तुटलेले होते. मी इथल्याच, पालघरजवळच्या माहीमच्या वाडीतली, गजरे ओवण्यात लहानाची मोठी झालेली... गोधडीची सुई घेतली आणि कोशांच्या टणक सालीतूनच दोरा ओवून माळा केल्या. उंदरांचं काही चाललं नाही. सरांनी लांबूनच बघून शाबासकी दिली.

ठरल्या दिवशी सगळ्या थाळ्यांत कडी उमटली होती. टोचलेल्यांच्या आणि न टोचलेल्यांच्याही. पाहुण्यांनी चहा घेतला, ‘राऊत, जरा स्वच्छ हातांनी काम करत जा,’ म्हणाले आणि निघून गेले. सरांनी सगळ्या थाळ्या स्वतः घासल्या, मला हात लावू दिला नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ते मुकाट्याने बेडूक फाडायला शिकवत राहिले. आमच्यातलेच काहीजण त्यांची टर उडवायचे, आणि मी गप्प बसायची.

पुढे वर्गाची तयारी करताना वाचलं, की जंतू नसले तरी नुसती जखमसुद्धा त्या पेशींना जागं करते. माझी सुई तर घरच्या डब्यातली, मळकी. साल टणक खरी, पण आतला जीव तिला लागूनच असतो. ते सगळे मीच टोचले होते, एकेक करून. आज सांगू, उद्या सांगू करत वर्षं गेली. मला माझी लाज वाटते.

सरांना रक्ताचा कर्करोग झाल्याचं कळलं, तेव्हा बोईसरला मुलाच्या घरी त्यांना भेटायला गेले. अंगात सारखा ताप होता. ‘पांढऱ्या पेशी ढीगभर हायेत, कामाची एक नाय,’ ते हसून म्हणाले. आजारपणात ते घरच्या बोलीवर आले होते. मी सगळं सांगून टाकलं. सुई केवढी जाड होती, किती आत गेली, हे त्यांनी दोन-दोनदा विचारलं. मग म्हणाले, ‘म्हंजे माजे हात स्वच्छ होते.’ रागावले नाहीत. मला वाटलं, सुटले बिचारे. मीही हलकी होऊन परतले.

परवा सरांच्या पत्नीला, काकींना भेटायला गेले. सरांच्या खाटेशेजारची भिंत पेन्सिलीने काढलेल्या गोलांनी भरली होती. सुरुवातीचे गोल नीट, नंतरचे वेडेवाकडे, आणि प्रत्येकाखाली बारीक अक्षरात लिहिलेलं... टोचलेला, न टोचलेला.

‘तू गेलीस नं पोरी, तेवापासून ते निजलेच नाय,’ काकी म्हणाल्या. ‘कागद आणेपरेंत दम नव्हता. कोश आणा, मला परत करून बगायचाय, म्हणायचे. शेवटी हात धरून रडले गं, म्हणे, अजून एक वरीस पायजे.’

काकींनी पदराने डोळे पुसले.

‘त्याच्या आधी कसे शांत होते... जायाला तयार होते.’