मोकळी सोडायची बाजू

लोणखेड्याकडे आमची शेती. केळी, ऊस, दारात दोन ट्रॅक्टर. नोकरी मात्र लागली ती खापर गावाच्या वर, सातपुड्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेत. तिथे चार वर्षं काढल्यावर आपल्याला जंगल कळतं असं मला वाटायला लागलं होतं. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस कसा दिसतो ते बघायचं असेल, तर त्या वर्षी मला बघायला हवं होतं.

जिच्या घरात मी भाड्याने राहायचो ती बाई माझ्याच वयाची. नवरा गुजरातेत कामाला गेलेला. ऊसतोडीला ती वर्षानुवर्षं आमच्याकडच्या शिवारात उतरायची, म्हणून माझ्याशी अहिराणीच बोलायची. होळी आटोपली, मोह गळायला लागला, तशी ती खांद्यावर कुऱ्हाड टाकून आपल्या झाडाखालचा पाचोळा जाळायला निघाली. जमीन स्वच्छ असली की पहाटे पडलेली फुलं वेचता येतात. मी म्हटलं, येतो मदतीला. मला कोणी बोलावलं नव्हतं.

दुपार कलली होती. उतारावर सागाचा आणि मोहाचा पाचोळा पोटरीपर्यंत साचला होता. बाईने हाताने दाखवलं. खालच्या अंगाने पेटवायचं आणि वरची बाजू मोकळी सोडायची, म्हणजे आत जे काही असेल त्याला निघून जायला वाट राहते. तिने खालून आग लावली. तेवढ्यात वरच्या करवंदीच्या जाळीतून भेकर भुंकायला लागलं. भेकर म्हणजे लहानसं हरीण, पण ओरडतं थेट कुत्र्यासारखं. बाईच्या नवऱ्याने मला शिकवलं होतं, भेकर भुंकलं की जवळ बिबट्या आहे असं समजायचं.

"बिबट्या शे तठे," मी म्हणालो. "वरतून बी पेटाडी देऊ."

"ते एकच जागावर भुकी ऱ्हायनं, मास्तर. बिबट्या ऱ्हाता ते भेकर पळी जातं. पहिले देखी ल्या."

"तुम्हना घरवालानीच शिकाडं माले. आते तुम्ही उलटं सांगू नका."

माझा आवाज चढला होता. घरच्या शेतात मजुरांवर चढतो तसाच.

बिबट्या खाली येऊ नये म्हणून मी पेटतं दांडकं घेऊन वर धावलो आणि मोकळी बाजूही पेटवून दिली. वाळली पानं तडतडत भडकली, दोन्हीकडच्या ज्वाळा झाडाकडे सरकू लागल्या. धुराने डोळे चुरचुरत होते. एकाएकी जाळीतून तांबूस काहीतरी सुसाट आलं आणि माझ्या मांडीवर आदळलं. मी हातातलं दांडकं सगळा जोर लावून फिरवलं. हाड मोडल्याचा आवाज आला. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. आपण बिबट्याला हाणलं असंच वाटलं.

धूर सरकला. समोर भेकराची मादी उभी होती. खालचा जबडा एका अंगाला लोंबत होता, छाती रक्ताने भिजली होती. पोट खपाटीला गेलेलं आणि मागच्या पायांना अजून विण्याची वार चिकटलेली. मघापासून ती भुंकत होती ती आम्हाला. तिच्या लेखी बिबट्या मीच होतो. ती वळली आणि सरळ आगीत घुसली. धगीने मागे फिरली, पुन्हा घुसली. जळक्या केसांचा वास माझ्या नाकात शिरला.

बाईला आधी दिसलं. मोहाच्या बुंध्याशी पाडस पडलं होतं. नुकतं जन्मलेलं पाडस पळत नाही. आई ठेवील तिथे श्वास रोखून पडून राहतं. बिबट्यासमोर ही युक्ती बहुधा चालत असावी.

बाईने लुगडं खोचलं, पदर तोंडाला गुंडाळला आणि ती आत गेली. बाहेर आली तेव्हा पाडस तिच्या हातात होतं. पायांची कातडी सोलून निघाली होती, डोळे भाजून मिटले होते. जगणार नव्हतं, पण अजून जिवंत होतं, पोट धपापत होतं. बाईच्या हातांवर फोड उठले होते, तिकडे तिने पाहिलंही नाही. पाडस माझ्या पायाशी ठेवून तिने आगीबाहेर ठेवलेली कुऱ्हाड उचलून माझ्यापुढे धरली. मी नको म्हणून मान हलवली.

"पेटाडं तुम्ही," ती म्हणाली.

पहिला घाव चुकला, खांद्यावर बसला. तोवर मुकं असलेलं ते पोर ओरडलं. दुसरा घाव मी मानेवर घातला. मग कुऱ्हाड टाकून तिथेच खाली बसलो. स्वतःची इतकी किळस मला पूर्वी कधी आली नव्हती.

मादी आली. राखेवरून लंगडत, आमच्या डोळ्यांदेखत आली आणि माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली. मोडक्या जबड्यातून लोंबणारी जीभ तिने पाडसाच्या अंगावर टेकवली आणि ते चाटायला लागली. मान, खांदा, भाजलेले पाय. माझा पाय तिला आडवा येत होता. ती त्याला डोक्याने ढकलत होती. एकदा ढकलला, दोनदा ढकलला. मला हलताच येईना.

"आते तरी सरका, मास्तर," बाई म्हणाली. "तिन्हं पोर शे ते."