चष्म्यातली अक्का

आता माझी फजिती मीच सांगून टाकतो. नाहीतर बायको सांगेल, आणि ती मीठ जरा जास्तच घालते!

आमची नात मीनाक्षी कंप्युटरवर खोटी जगं बांधते. डोळ्यांवर पेटीएवढा चष्मा चढवला, की आपण आत! तंजावरात बसून असलं काम करणारी पोर; अभिमान वाटू नये? मी तर शाळेची पायरी चढलो नाही. जन्मभर लग्नाच्या पंगतींत वाढपी.

त्या दिवशी चेन्नईहून तिचे साहेब घरी आले. काम पसंत पडलं तर नोकरी कायम होणार होती.

"ताता," ती म्हणाली; आजोबाला ती तमिळ वळणानं ताताच म्हणते. "आत तुम्हाला दुसरं शरीर मिळेल. तुम्ही काय करता ते यांना टीव्हीवर दिसेल. नेहमीसारखं वागा, बस्स."

मी मान डोलावली. कळलं काय? काही नाही!

चष्मा चढवला, तर पुढे लग्नाचा मंडप! आणि समोर हिरव्या लुगड्यातली एक वयस्क बाई. उभी!

माझ्या मंडपात थोरली बाई उभी? "बसा हो अक्का," मी हात जोडले. तिनंही जोडले. बसेना. ओठ हलवते, पण आवाज नाही. मराठी येत नसेल म्हणून तमिळमध्ये विनवलं, "उक्कारुंगो अम्मा!" खुर्चीकडे हात केला, तर तिनंही केला. म्हणजे आधी मी बसायचं! काय ती मर्यादा! मी लाजून तोंड फिरवलं. हळूच तिरक्या नजरेनं पाहिलं, तर तीही तशीच बघतेय! या वयात?

"अक्का, पाया पडतो, पण बसा!" म्हणून वाकलो, आणि माझ्याच हातांत हिरव्या बांगड्या!

अहो, नवं रूप बघता यावं म्हणून मीनाक्षीनं तिथं आरसा लावला होता. अक्का मीच!

चष्मा काढला. साहेब हसून हसून डोळे पुसत होते. "आत गेल्यावर माणसं खऱ्यासारखी वागतील का, एवढीच शंका होती," ते म्हणाले. "मिटली." नोकरी कायम! माझी छाती अशी फुगली म्हणता!

बायको कॉफी घेऊन दारातच होती. मघापासून तिथूनच टीव्ही बघत.

"पन्नास वर्षं झाली लग्नाला. मला कधी 'बस' म्हणालात? आणि स्वतःला इतक्यांदा!"

मी घाईघाईनं खुर्ची पुढे ओढली. "बस गं."

"नको," ती म्हणाली. "तुमची अक्का अजून उभी आहे."