बोट ठेवायला जागा

मास्तरांनी शिवलेल्या कपड्यावर बोट ठेवायला जागा नसते, असं त्यांची गिऱ्हाइकं चाळीस वर्षं म्हणत आली होती. गिऱ्हाइकांपेक्षा मास्तर स्वतःच ते जरा जास्त वेळा म्हणत, पण काम खरोखर तसं होतं. मग वयाच्या चौसष्टाव्या वर्षी त्यांनी चौदा फुटांची जुनी फायबरची स्पीडबोट आणून आपल्या शिवणाच्या दुकानात घातली. त्यांच्या बायकोने त्या शब्दाचा विनोद एकदाच केला. "ठेवलीत ना अखेर बोट," ती म्हणाली, "आता माणूस कुठे ठेवायचा तेवढं सांगा."

बोट का आणली ते घरात सगळ्यांना कळलं होतं. आपण ताकास तूर लागू दिली नाही, असं फक्त मास्तरांना वाटत होतं. त्यांची एकुलती एक मुलगीही शिवणकाम करायची, पण दोन खोल्यांच्या घरात. एका खोलीत सासू अंथरुणाला खिळलेली, दुसरीत मशीन, जेवणाचं टेबल आणि कपाट. ट्रायलला आलेल्या बाईने कपाटाचं दार आडवं उघडायचं आणि त्यामागे उभं राहून कपडे घालून बघायचे. मशीन सुरू झालं की सासूची झोप मोडे आणि सासू जागी झाली की मशीन बंद पडे. अशात एका शाळेने गणवेशांचं सगळं काम तिला देऊ केलं होतं. शाळा उघडायला सात महिने होते, पण आधी कामाची जागा दाखवा, असं त्यांचं म्हणणं. म्हणून एका सोमवारी ती वडिलांकडे आली आणि म्हणाली, "बाबा, मला दुकान हवंय."

मास्तरांकडे त्या काळात आठवड्याला दोन पँटी आखूड करायला येत. रेडीमेडने बाकी सगळं नेलं होतं. सकाळी दहाला घरातून निघायला एक कारण, एवढंच दुकान उरलं होतं. पण पोटच्या पोरीला नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? "देतो की," मास्तर म्हणाले आणि गुरुवारी बोट दुकानात आली.

गावाबाहेरच्या तलावावर पेडलच्या बोटी भाड्याने देणारा एक जण होता, त्याला सगळे पेडलवालाच म्हणत. त्याच्या शेडमागे ही स्पीडबोट कैक वर्षं पालथी पडली होती आणि तिच्याखाली कोंबड्यांनी संसार थाटला होता. मास्तरांनी त्याच्या पेडलबोटींच्या छतांची कापडं नवी शिवून दिली, बदल्यात त्याने कोंबड्यांना जागा खाली करायला लावली. बोटीला इंजिन नव्हतं. मागची लाकडी फळी कुजून भुगा झाली होती. तळाला हात आरपार जाईल अशी तीन भगदाडं होती. स्पीड म्हणावा असा एक लाल पट्टा तेवढा बाजूने ओढलेला होता, तोही अर्धा उडालेला. मास्तरांना पोहता येत नव्हतं. हे सगळं नीट पाहून ते खूश झाले, कारण एवढ्या दुरुस्तीला वर्ष तरी सहज लागलं असतं. मुलीला त्यांनी सांगितलं, "एवढी बोट उभी राहिली की किल्ली तुझी."

आता फायबरच्या कामाचा आणि मास्तरांचा काडीचा संबंध नव्हता. ते फोनवरचे व्हिडिओ बघत आणि दुसऱ्या दिवशी बरोबर उलटं करत. जुना थर घासताना तोंडाला फडकं बांधायचं असतं हे त्यांना समजलं, पण बाह्या लांब हव्यात हे समजलं नाही. फायबरची कुसळं अंगात शिरून आठ दिवस ते भिंतीला पाठ घासत फिरत होते. मग रेझिन आलं, फायबर चिकटवायचं पातळ रसायन. त्यात ते घट्ट करणारा हार्डनर थोडका, मोजून घालायचा आणि दहा-पंधरा मिनिटांत हात उरकायचा. ज्या माणसाने जन्मभर कमरेचं माप दोराभरही चुकवलं नाही, त्याने हार्डनर अंदाजाने ओतला, तोही अख्ख्या बादलीत. तेवढ्यात फोन आला. मास्तर परत येईपर्यंत बादलीतून धूर निघत होता आणि ब्रश मधोमध उभा राहिला होता. तो शेवटपर्यंत निघाला नाही. मास्तरांनी ती बादली दाराला टेकण म्हणून लावली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मुद्दाम आणल्यासारखी दाखवली.

मुलगी दर रविवारी येऊन जाई. ती काही मागत नसे, नुसती बोटीभोवती एक फेरी मारून बघे. मास्तरच मग घाईने सांगत, "झालंच आहे. फक्त काज-बटण राहिलंय." शिंप्याच्या तोंडचं हे वाक्य कुठल्या जातीचं असतं, हे शिंप्याच्या मुलीला कुणी समजावायची गरज नव्हती. तिने हेच वाक्य लहानपणी दुकानाच्या पायरीवर बसून शेकडो गिऱ्हाइकांना दिलेलं ऐकलं होतं, आणि तेव्हा त्या कपड्याचं कापडसुद्धा कापलेलं नसायचं.

खरं घोडं अडलं ते तळाला कापड लावताना. काचेच्या धाग्यांचं पांढरं कापड भगदाडावर अंथरायचं आणि त्यावर रेझिन फिरवायचं. कडा उघड्याच ठेवायच्या, चार बोटं एकावर एक चढवायच्या, असं पेडलवाल्याने दोनदा बजावलं होतं. पहिला प्रश्न कात्रीचा, तो मास्तरांनी सोडवला. त्यांच्या कात्रीने कुणी कागद कापला तरी ते दोन दिवस बोलत नसत, म्हणून काच कापायला त्यांनी बायकोची स्वयंपाकघरातली कात्री आणली. ती पुन्हा कशालाच चालली नाही. दुसरा प्रश्न मात्र त्यांना सुटला नाही. कापल्याबरोबर त्या कापडाच्या कडांचे धागे सुटायला लागले. सुटलेला धागा समोर दिसतो आहे आणि आपण तो तसाच सोडून पुढे जायचं, हे मास्तरांच्या हातांना जमेना. त्यांनी प्रत्येक तुकड्याची कड अर्धा इंच आत दुमडली, वर कच्ची टीप मारली, आणि मगच ते तुकडे शेजारी शेजारी सफाईने बसवले. दुमडीच्या आत रेझिन शिरत नाही, तिथे हवा राहते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. वरून काम इतकं देखणं झालं की त्यांनी बायकोला मुद्दाम बोलावून दाखवलं.

चार महिन्यांनी पहिली चाचणी झाली. बोट तलावात सोडली. मास्तर, कमरेला दोरी बांधून, मध्यभागी बसले. दोन मिनिटं सगळं सुरळीत होतं. मग तळातून पाणी आलं, आणि तेही शिस्तीत, जिथे जिथे दुमड होती तिथे तिथे सरळ रेषेत. इतकी नीटनेटकी गळती आपण आयुष्यात पाहिली नाही, असं पेडलवाला नंतर बरेच दिवस सांगत होता. त्याने दोरी धरून मास्तरांना ओढून घेतलं. काठावर बायको डोक्याला हात लावून उभी होती. मुलीची नजर वडिलांच्या चेहऱ्यावर होती. गुडघाभर पाण्यात, भिजलेल्या चपला हातात घेतलेला तो माणूस मनापासून हसत होता. आणखी चार महिने मिळाले, हे त्या हसण्यात इतकं स्पष्ट लिहिलेलं होतं की तिला वाचायला काही वेळ लागला नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढच्या रविवारी ती लांब बाह्यांचा सदरा, हातमोजे आणि घासायचं मशीन घेऊनच आली. नुसतं येऊन बघण्यापेक्षा हात लावू, म्हणाली. तिने दुमडी एकेक करून घासून काढल्या. आपलीच टीप डोळ्यांदेखत उडताना बघून मास्तर बाहेर जाऊन उभे राहिले. तिने पेडलवाल्याला विचारून हार्डनर मोजून घातला, कापडाच्या कडा उघड्या ठेवल्या, चार बोटं चढवल्या. वडिलांचं जिथे अडलं तिथे तिचं अडलं नाही. मागची फळी बदलली. लाल पट्टासुद्धा पुन्हा आला. रविवारामागून रविवार बोट सुधारत गेली तसे मास्तर खंगत गेले. शाळा उघडायला तीन आठवडे उरले तेव्हा बोट तयार होती आणि मास्तरांना जेवण जात नव्हतं. बायकोने विचारलं तर पित्त झालंय म्हणाले. काज-बटणसुद्धा राहिलं नव्हतं.

चाचणीच्या आदल्या दिवशी मास्तरांनी दुकानात एकट्याने बोटीभोवती फेऱ्या मारल्या. मागच्या फळीत तळाशी एक भोक असतं. बोट बाहेर काढली की त्यातून आतलं पाणी वाहून जातं, आणि पाण्यात सोडताना ते रबरी बुचाने बंद करायचं असतं. मास्तर खाली वाकले, बूच काढलं आणि पँटच्या खिशात टाकलं. नवख्या माणसाच्या हातून बूच राहून जातं, अशा चुका सगळ्यांच्याच होतात, असं काय काय बोलायचं तेही त्यांनी मनात जुळवून ठेवलं. जन्मभर प्रामाणिकपणे काम केलेल्या माणसाला एवढी एक लबाडी करताना दरदरून घाम फुटला होता.

सकाळी पेडलवाल्याने आपलं एक जुनं इंजिन बोटीच्या मागे टांगून दिलं. मास्तर चहा प्यायले. मुलगी म्हणाली, मीही बसते, आणि मास्तरांचा चेहरा पांढरा पडला, कारण तिलाही पोहता येत नव्हतं. नको, नको, असं त्यांनी चारदा म्हटलं. ती इंजिनापाशी जाऊन बसलीच. वीस वर्षांनी इंजिन लागलेली ती स्पीडबोट बदकांच्या चालीने निघाली. एक बदक तर तिच्या पुढे गेलं. मास्तर दोन्ही हातांनी कड धरून पायांखाली बघत होते. आता येईल, मग येईल. तळ कोरडा ठणठणीत होता. काठ लांब गेला, आणि दुकान, शाळा, किल्ली सगळं डोक्यातून पार उडून एकच विचार उरला, की पोरगी बोटीत आहे.

"इंजिन बंद कर," ते ओरडले. "परत फिर. मागचं बूच नाहीये. ते माझ्या खिशात आहे."

मुलीने इंजिन बंद केलं. पाणी एकदम शांत झालं.

"तुम्ही चहा घेत होतात तेव्हा मी दुसरं बसवलं," ती म्हणाली. "रिकामं भोक दिसलं मला."

मास्तरांना वर बघवेना. आपल्या चपलांकडे बघतच ते हळूच म्हणाले, "मला दुकान सोडायचं नव्हतं गं. घरी बसून करू काय मी?"

"सोडा असं कोण म्हणालं?"

"तूच म्हणालीस. दुकान हवंय म्हणून."

"हवंच होतं," ती म्हणाली. "एक मशीन मावेल एवढं. तुम्ही कापायचं, मी शिवायचं, असं मनात ठरवलंही होतं मी. शाळेचे तीनशे गणवेश मी एकटी कापणार होते का? पण तुम्ही गुरुवारी ही बोट आणलीत, मला वाटलं मी तिथे नकोच आहे तुम्हाला. आणि टेबल टाकायला तरी जागा कुठे होती?"

सहा महिने ज्या दुकानातून कुणी मास्तरांना हलवत नव्हतं, तिथे टिकून राहण्यासाठी ते खाजले होते, भिजले होते, आणि आज आपल्याच मुलीला बुडवायला निघाले होते. त्यांना हसू येईना आणि रडणंही जमेना. आधीच विचारलं असतं तर, एवढंच ते पुटपुटले. आधीच सांगितलं असतं तर, मुलगीही म्हणाली. दोघं शिवणारी माणसं, बोलण्यात दोघंही कच्ची.

बोट वाऱ्याने जरा आडवी फिरली.

"तुझं टेबल कुठे टाकायचं मग?"

"उजेड हवा मला. खिडकीपाशी."

खिडकीपाशी मास्तरांचं मशीन होतं. ते तिथून चाळीस वर्षांत बोटभर सरकलेलं नव्हतं. दुकान झाडणाऱ्यालासुद्धा त्याच्या पायांभोवतूनच झाडावं लागे. मुलगीही हे जाणून होती, म्हणून ती लगेच म्हणाली की नसेल जमत तर राहू दे, मी दिवा लावून घेईन.

"दिव्यात निळा आणि काळा दोरा सारखाच दिसतो," मास्तर म्हणाले. "मी सरकतो. चालव आता, उन्हं चढायच्या आत मशीन हलवायला हवं."