हळदीच्या ट्रकातून दरबारात

आबांचं ट्रान्स्पोर्ट शेजारी असल्यामुळे करमणुकीसाठी मला कधी टीव्ही लावावा लागला नाही. दोन ट्रक, एक फोन, आणि आमच्या-त्यांच्यात एक सामाईक भिंत. भिंतीला लागून माझी कपडे वाळत घालायची तार, आणि आबांना फोनवर ओरडून बोलायची सवय. मी ऐकायला जाते असं माधवनगरात काही जण म्हणतात. मी जात नाही. ऐकू येतं. इतक्या वर्षांत ऐकू येऊन येऊन किस्से असे साठलेत, की एक काढायला जावं तर मागचे चार अंगावर पडतात.

नव्वदनंतरची गोष्ट. एका सकाळी आबा फोनवर सांगत होते, "व्हय, सातारला पुरस्कार सदूमामालाच द्यायचा. आनि त्याच दिवशी त्याच्या हातातलं स्टेअरिंग..."

तेवढ्यात आबांच्या बायकोच्या, शालनवहिनींच्या कुकरनं शिट्टी दिली. एक नाही, लागोपाठ तीन. कुकर गप्प झाला तोवर आबांनी फोन ठेवला होता.

आता एवढं अर्धं वाक्य घेऊन एकटीनं काय करायचं? मी ते गल्लीत वाटून टाकलं. दुपारपर्यंत ते पुरं होऊन परत आलं: सदूमामाला चांदीचं स्टेअरिंग मिळणार. पिठाच्या गिरणीवर मात्र उलटंच चाललं होतं. मामाच्या हातातलं स्टेअरिंग काढून घेणार, म्हातारा झाला म्हणे.

सदूमामा म्हणजे आबांचा सगळ्यात जुना ड्रायव्हर. मूळचा आटपाडीचा. पंचवीस वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही. मी त्याला काही विचारलं नाही. नुसता चहा दिला आणि गिरणीवरचं कानावर घातलं.

मामा म्हणाला, "काकी, मला केबिनशिवाय झोप लागत न्हाई. घरी बसवलं तर काय करू, खाटंला हॉर्न लावू?"

हसला तो. पण चहा तसाच राहिला.

*

समारंभ वाहतूकदारांच्या संघटनेचा. सातारजवळच्या एका जुन्या सरदारांच्या राजवाड्यात, दरबार हॉलमध्ये. पत्रिकेवर 'लंच' छापलं होतं, म्हणून आबांनी चकचकीत नवे बूट घेतले. शालनवहिनींना एवढ्या पुरुषांत एकटीनं जायचं नव्हतं. मला फार आग्रह करावा लागला नाही.

निघायच्या दिवशी बघते तर ट्रकमध्ये हळदीची पोती. आबांचा नियम आहे, गाडी रिकामी हलवायची नाही. सातारच्या व्यापाऱ्याचा माल होता, समारंभ उरकला की टाकायचा. वहिनी म्हणाल्या, आजच्या दिवस तरी नको. आबा म्हणाले, सत्कार काय गाडीत डिझेल भरणार हाय का!

पोत्यांवरची भुकटी मागच्या जाळीतून केबिनमध्ये यायची. कराड येईपर्यंत आबा-वहिनींना दुसऱ्यांदा हळद लागली होती. मी करवली.

*

सदूमामाचाही एक नियम. केबिनमध्ये पायताण चालत नाही. चप्पल खाली काढायची, हातात घ्यायची, मग चढायचं. मालकालाही सूट नाही. आबांनी सबंध रस्ता नवे बूट मांडीवर धरले होते, आहेरात आल्यासारखे.

उंब्रजच्या पुढं रस्त्याच्या कडेला एक पांढरी गाडी उभी दिसली. शेजारी सफारी सूटमधले एक गृहस्थ घाम पुसत होते. आबांनी पत्रिकेतल्या फोटोवरून ओळखलं. समारंभाचे प्रमुख पाहुणे, कोल्हापूरकडून निघालेले. एका टायर कंपनीचे मोठे साहेब.

टायर फुटलं होतं. स्टेपनी होती, तीही बसलेली. दोन्ही त्यांच्याच कंपनीची.

आबा धावत गेले आणि साहेबांना घेऊन आले. साहेबांनी पायरीवर पाय ठेवला, तसा वरून सदूमामा म्हणाला, "सायेब, बूट हातात घ्या."

आबांचा चेहरा हळदीतूनही पांढरा दिसला. पण साहेबांनी गपगुमान बूट काढले. मग सातार येईपर्यंत दोन मोठी माणसं आपापले बूट मांडीवर घेऊन शेजारी शेजारी बसली होती आणि हवापाण्याविषयी बोलत होती.

*

राजवाड्याचा दरवाजा हत्तीसाठी केलेला. जाड लाकूड, वर लोखंडी खिळे. रखवालदार म्हणाला, ट्रक आत येणार नाही. आबांनी खिडकीतून प्रमुख पाहुणे दाखवले. रखवालदारानं एकदा ट्रककडं बघितलं, एकदा पिवळ्या सफारीकडं, आणि सलाम ठोकला.

मामानं एका दमात गाडी आत घेतली. दोन्ही बाजूंना वीतभर जागा राहिली असेल. त्यानं आरशात बघितलंसुद्धा नाही.

आत झुंबर, तसबिरी, लाल गालिचा. प्रमुख पाहुण्यांचा विषय होता 'टायर आणि विश्वास'. ते अर्धा तास बोलले. स्टेपनीचा उल्लेख राहून गेला.

*

जेवण बुफे होतं. मखमली खुर्च्यांच्या रांगा मांडलेल्या, आणि त्यांवर कुणीच नाही. बक्षिसाला आलेले बारा-पंधरा ड्रायव्हर ताटल्या घेऊन अंगणाकडच्या तीन खिडक्यांत दाटीवाटीनं उभे.

संयोजक हात जोडून आले. अहो, दरबारात बसा, सरदारांच्या खुर्च्या आहेत.

सदूमामा पुरी मोडत म्हणाला, "तितनं गाडी दिसत न्हाई."

सगळ्यांनी माना हलवल्या. ढाब्यावर असो नाहीतर दरबारात, गाडी नजरेआड करून ही माणसं घास गिळत नाहीत. साहेब बिचारे झुंबराखाली एकटेच जेवले.

*

जेवणानंतर बक्षिसं. मामाचं नाव पुकारलं, तेव्हा वहिनींनी माझा हात घट्ट धरला. त्यांना सगळं माहीत होतं तर! पंधरा दिवस मला एका शब्दानं बोलल्या नव्हत्या. असो.

गल्ली अगदीच चुकली नव्हती. लाकडी फळीवर बसवलेलं स्टेअरिंगच होतं, फक्त पितळेचं आणि बशीएवढं.

मग आबांनी माइक घेतला. सदूमामानं लई सेवा केली, आजपासून त्यानं विश्रांती घ्यायची, आणि परत जाताना मालक स्वतः गाडी चालवून त्याला घरी नेणार. टाळ्याच टाळ्या. साहेबांनी डोळे पुसले.

मामा फळी छातीशी धरून उभा होता. कुणाकडं बघत नव्हता. खिडकीतून गाडीकडं बघत होता.

म्हणजे गिरणीही चुकली नव्हती.

*

आबांनी स्टेअरिंग हातात घेऊन दहा वर्षं झाली असतील. ते बुटासकट केबिनमध्ये चढले. मामानं बुटांकडं बघितलं. अंगणात पाहुण्यांच्या गाड्यांची इतकी गर्दी झालेली, की ट्रक वळवायला जागा नव्हती. दरवाजातून उलटाच काढायला लागणार होता.

आबांनी रिव्हर्स टाकला. निम्मी गाडी दरवाजात गेली आणि तिरकी होऊन बसली. मागचा एक कोपरा सरदारांच्या लाकडापासून बोटभर, दुसऱ्या बाजूला आरसा खिळ्यांना टेकलेला. पुढं घ्यावी तर आरसा जातोय, मागं घ्यावी तर इतिहास. इंजिन दोनदा बंद पडलं. अंगणात अडकलेल्या गाड्यांनी हॉर्न लावले, त्यात टायर बदलून आलेली पांढरी गाडीही होती. सगळे वाहतूकदार, आणि वाहतूक बंद! पंचवीस वर्षं विनाअपघात म्हणून सत्कार होऊन अजून तास झाला नव्हता.

आबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. घामानं हळदीचे ओघळ गळ्यापर्यंत आले होते. "मामा," ते म्हणाले.

मामाच्या हातातलं स्टेअरिंग काढून घेतलं, हे मी परत आल्यावर गिरणीवर कबूल केलं. फक्त 'अंगणापासून दरवाजापर्यंत' एवढं पुढं जोडलं.

सदूमामा सावकाश चालत गेला. दार उघडून आबांना खाली उतरवलं. चपला काढल्या. चढायच्या आधी हातातली फळी आबांच्या हातात दिली.

"आबा, तुमी ह्ये धरा. आनि येताना बूट काढून या."